सालीच्या आतली बुरशी आणि शिरेतले औषध

वाचकहो, आपल्या कुंडीतल्या तुळशीचे एखादे टवटवीत पान हातात घ्या. त्यावर डाग नाही, भुरी नाही, कीड नाही. तरीही त्या पानाच्या आत, पेशींच्या मधल्या अरुंद जागांमध्ये, अतिशय सूक्ष्म बुरशीचे तंतू वस्तीला असण्याची शक्यता फार मोठी आहे. भाकरीवर किंवा लोणच्यावर येणारी, सारे नासवणारी बुरशी आपल्या ओळखीची. ही तशी नव्हे. ही झाडाला आजारी पाडत नाही. एखाद्या जुन्या वाड्यातल्या शांत भाडेकरूप्रमाणे ती आत राहते, झाडाकडून अन्न घेते आणि पुष्कळदा कीड वा अन्य रोगजंतूंना दूर ठेवणारी काही रसायने तयार करून जणू भाडेही चुकते करते. अशा जीवांना शास्त्रात ‘एंडोफाइट’ म्हणतात. आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये ही संज्ञा प्रथम वापरली. आपण सोयीसाठी तिला अंतर्वासी बुरशी म्हणू.

आरोग्याच्या सदरात हा वनस्पतिशास्त्राचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. कारण असे की, गेल्या काही महिन्यांत कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक दवाखान्यात आले की भ्रमणध्वनीवरचा एखादा संदेश पुढे करतात : ‘झाडात राहणाऱ्या बुरशीत कर्करोगाचा नायनाट करणारे द्रव्य सापडले.’ संदेशाच्या शेवटी बहुधा कुठल्यातरी चूर्णाचे वा कॅप्सूलचे छायाचित्र असते आणि त्याची किंमत ऐकून छाती दडपते. मागच्या पावसाळ्यात एका आजींच्या सूनबाई असाच एक डबा घेऊन आल्या होत्या. आजींना बीजांडकोशाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झालेली, केमोथेरपीची दोन आवर्तने पार पडलेली, केस गेलेले, तोंडाची चव गेलेली. सूनबाई अजिजीने म्हणाल्या, “डॉक्टर, सलाईनमधलं ते औषध सगळं केमिकल आहे हो. हे नैसर्गिक आहे. पुढचं सलाईन थोडं लांबवून आधी हे देऊन बघू का?”

सलाईनमधले ते औषध होते पॅक्लिटॅक्सेल, म्हणजेच टॅक्सॉल. मी त्यांना बसवून घेतले आणि या औषधाचा जन्म कुठे झाला ते सांगितले. आपल्यालाही तेच सांगतो. कारण संदेशातली बातमी निखालस खोटी असती तर एका वाक्यात तिची बोळवण करता आली असती. तिच्यात बरेच काही खरे आहे, आणि अर्धे खरे निस्तरायला वेळ लागतो.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या दाट, ओलसर अरण्यांत यू नावाचा एक सूचिपर्णी वृक्ष उंच झाडांच्या सावलीत फार मंद गतीने वाढतो. लाकूडतोड्यांच्या दृष्टीने तो कुचकामी. जंगल साफ करताना तो जाळून टाकत. १९६२ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यातील आर्थर बार्कले या वनस्पतितज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून या झाडाच्या सालीचे नमुने गोळा केले. कर्करोगावर उपयोगी पडेल असे काही वनस्पतींत मिळते का, हे पाहण्याची एक मोठी सरकारी मोहीम त्या काळी तिथे चालू होती. १९६० पासूनच्या सुमारे दोन दशकांत पस्तीस हजारांच्या आसपास वनस्पती-नमुने तिने तपासले. त्यातून रुग्णाच्या उशाशी पोहोचलेली औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. हे प्रमाण आपण लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

यूच्या सालीचा अर्क पोहोचला नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या मेजावर. यांतले वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे डॉक्टरेटसाठी अमेरिकेला गेले. आज जगभरच्या कर्करोग रुग्णालयांत रोज वापरल्या जाणाऱ्या औषधामागे खानदेशात जन्मलेला माणूस आहे, ही गोष्ट आपल्या शाळांतून का सांगितली जात नाही, हे मला कधी उमगलेले नाही. वॉल आणि वाणी यांनी सालीतले क्रियाशील द्रव्य वेगळे काढले, त्याची किचकट रचना उलगडली आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. वाणी २०२० मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, निवर्तले.

हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींना नेमके काय करते, हे न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. इमारत बांधताना गवंडी बांबूंची परांची उभी करतात आणि काम झाले की सोडून घेतात, तसेच पेशीचे आहे. एका पेशीच्या दोन होताना आत सूक्ष्म नळ्यांची एक परांची उभी राहते आणि काम संपताच मोकळी होते. टॅक्सॉल या परांचीच्या गाठी पक्क्या करून टाकते. परांची सुटत नाही, विभाजन अर्ध्यावर अडते, पेशी मरते. ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांना याचा तडाखा अधिक. म्हणून कर्करोगाच्या पेशी मरतात, आणि म्हणूनच केसांच्या मुळांतील व रक्त तयार करणाऱ्या मज्जेतील निरपराध पेशीही भरडल्या जातात. मज्जातंतूंमध्येही अशाच नळ्या असतात, त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. आजींना सदऱ्याची बटणे लावता येत नव्हती, ती यामुळेच.

१९९२ च्या अखेरीस अमेरिकेत हे औषध बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्य झाले, १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी. आणि मग खरी पंचाईत झाली. एक किलो टॅक्सॉल मिळवायला अंदाजे दहा टन साल लागे. एका रुग्णाला सगळ्या आवर्तनांत मिळून साधारण दोन ग्रॅम औषध लागते, म्हणजे वीस किलो साल. आणि साल काढलेले झाड मरते. शंभर-शंभर वर्षे वाढलेली पाच-सहा झाडे एका रुग्णासाठी तोडायची! त्याच जुन्या अरण्यांत राहणारे एक ठिपकेदार घुबड नामशेष होण्याच्या वाटेवर होते. रुग्ण वाचवायचे की अरण्य, असा वाद अमेरिकेत पेटला.

याच सुमारास मोंटाना राज्यातील अँड्रिया स्टिअर्ले, डोनाल्ड स्टिअर्ले आणि गॅरी स्ट्रोबेल यांनी एक विलक्षण शक्यता हेरली. झाडाच्या आत राहणारी एखादी बुरशी झाडाचेच रसायन बनवायला शिकली असेल तर? त्यांनी यूच्या अंतर्सालीतून एकेक बुरशी वेगळी करून प्रयोगशाळेत वाढवली आणि १९९३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले की, त्यांतली एक बुरशी झाडापासून दूर, काचेच्या पात्रातही टॅक्सॉल तयार करते. बुरशी नवी होती. तिला टॅक्सोमायसेस अँड्रिआने असे नाव मिळाले, अँड्रियाबाईंच्या नावावरून. पेनिसिलिन बुरशीपासूनच मिळाले, मोठमोठ्या टाक्यांत ती वाढवून ते मुबलक आणि स्वस्त झाले. तसेच टॅक्सॉलचे होईल, झाडे वाचतील, गरीब रुग्णालाही औषध परवडेल, ही आशा तेव्हा जगभर पसरली. ती आशा भाबडी नव्हती. आपल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संदेशाचे मूळ शोधत गेलो तर ते इथपर्यंत येते.

आता थोडे गणित करू. त्या बुरशीने एक लिटर द्रवात तयार केलेले टॅक्सॉल होते फार तर पन्नास नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. या हिशेबाने एका रुग्णाला लागणारे दोन ग्रॅम औषध मिळवायला चार कोटी लिटर द्रव हवा. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा असतो. असे चार हजार टँकर भरून बुरशीचा द्रव, एका आजींसाठी.

शास्त्रज्ञ यावर हिंमत हरले नाहीत, हे सांगायलाच हवे. जगभर, भारतातही, यूच्या आणि इतर झाडांच्या आत शेकडो बुरशी शोधल्या गेल्या. अधिक टॅक्सॉल देणाऱ्या बुरशींचे दावे झाले. परंतु कारखान्यापर्यंत त्यांतली एकही पोहोचेना. बुरशी प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढवली की द्रव्य देणे कमी करत असे, मग बंदच. आणि २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी त्या मूळच्या टॅक्सोमायसेसचीच पुन्हा झडती घेतली. टॅक्सॉल बनवण्यासाठी जी जनुके लागतात ती तिच्यात सापडली नाहीत, आणि बुरशी स्वतंत्रपणे हे द्रव्य बनवते याचा पुरावाही मिळाला नाही. आधीच्या काही निष्कर्षांत मापनपद्धतीची फसगत झाली असावी, किंवा झाडाचेच द्रव्य किंचित बुरशीबरोबर आले असावे, असा तर्क पुढे आला. सगळ्यांना तो मान्य नाही. वाद चालू आहे. विज्ञान असेच चालते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाजिरवाणे आहे ते एवढेच की, १९९३ ची आशा डब्यावर छापली जाते आणि २०१३ ची शंका डब्यावर कुठेच नसते.

मग आज आजींच्या शिरेत जाणारे टॅक्सॉल येते कुठून? यूच्या हिरव्या पानांतून टॅक्सॉलचा जवळचा आप्त असलेले एक द्रव्य काढता येते, हे फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने दाखवले. पाने खुडली तरी झाड जगते, पुन्हा पालवते. त्या द्रव्यावर रासायनिक संस्कार करून टॅक्सॉल बनवतात. त्याच वाटेने डोसिटॅक्सेल हे भावंडही मिळाले. शिवाय यूच्या झाडाच्या पेशीच मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून टॅक्सॉल बनवून घेण्याची पद्धत आता रूढ आहे. जे काम बुरशीकडून व्हावे अशी अपेक्षा होती, ते अखेर झाडाच्या पेशींनीच केले.

दुसरी गोष्ट आपल्या सह्याद्रीतली आहे. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातल्या जंगलांत नरक्या नावाचे एक लहानसे झाड आढळते. त्याच्या उग्र दुर्गंधीमुळे हे नाव पडले असावे. याच वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य शोधले होते. ते आपल्या नरक्यातही चांगल्या प्रमाणात असल्याचे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले. परिणाम काय झाला? परदेशी मागणी वाढली, आणि कोकणातून व घाटमाथ्यावरून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. वनखात्याने पकडलेल्या गोण्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्या असतील. म्हणून नरक्याच्या आतल्या बुरशीकडेही आशेने पाहिले गेले. जम्मूच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांसह २००५ मध्ये नरक्यातून अशी एक बुरशी वेगळी केली, जी कॅम्पटोथेसिन तयार करत होती. पुढे डॉर्टमुंडमध्ये चिनी झाडातील अशाच एका बुरशीचा बारकाईने अभ्यास झाला. तेव्हा आढळले की हे द्रव्य बनवण्याच्या साखळीतला एक कळीचा विकर बुरशीपाशी नाहीच. त्यासाठी ती यजमान झाडावर अवलंबून आहे. झाडापासून तोडून पिढ्यान् पिढ्या वाढवली की तिची ही विद्या ओसरत जाते. मला हे फार सुंदर वाटते. दोन जीवांनी मिळून केलेले काम एकाला वेगळे काढून त्याच्याकडून करवून घेता येत नाही, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र कॅम्पटोथेसिनची गोष्ट सांगण्यामागे माझा खरा हेतू निराळा आहे. हे नैसर्गिक द्रव्य सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुग्णांना देऊन पाहिले गेले. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, रक्तपेशी घसरल्या, जुलाबांनी माणसे गळून गेली. चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे १९८५ च्या सुमारास या द्रव्याची कार्यपद्धती कळली. पेशीतल्या डीएनएचा पीळ सैल करताना एक विकर धागा क्षणभर कापतो आणि पुन्हा जोडतो. कॅम्पटोथेसिन तो धागा जोडूच देत नाही. त्यानंतर रसायनशास्त्रज्ञांनी द्रव्याच्या रचनेत फेरफार करून टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही दोन औषधे घडवली. १९९६ मध्ये ती अमेरिकेत मान्य झाली आणि आज मोठ्या आतड्याच्या, फुप्फुसाच्या, बीजांडकोशाच्या कर्करोगात आपल्याकडेही वापरली जातात. म्हणजे निसर्गाने दिले ते होते तसे सोसवले नाही. ज्याला सूनबाई ‘केमिकल’ म्हणून नाके मुरडत होत्या, त्या माणसाच्या हातच्या फेरफारानेच ते रुग्णाला सोसेल असे झाले. झाड हे विष स्वतःच्या रक्षणासाठी बनवते. आपल्या आजींची त्याला काय फिकीर?

‘नैसर्गिक’ या शब्दाला आपल्या मनात एक सात्त्विक गंध आहे, आणि मी स्वतः अंगणातल्या गवती चहावर वाढलेला माणूस आहे. तरीही बुरशीच्याच बाबतीत सांगायचे तर, ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे द्रव्य बनवते. तेही शंभर टक्के नैसर्गिक, आणि ते यकृताचा कर्करोग घडवते. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात असा बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. काळपट, सुरकुतलेले, कडवट लागणारे शेंगदाणे ऊन दाखवून कुटात ढकलण्याची काटकसर आपल्या घरी होत असेल तर ती आजच थांबवावी. उन्हाने किंवा भाजण्याने हे विष पुरते जात नाही. एकच बुरशीचे कुळ, एका बाजूला औषधाची आशा, दुसऱ्या बाजूला कर्करोगाचे कारण. सदाफुलीचेही असेच. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही मोलाची औषधे मिळतात, पण म्हणून साखर उतरावी या आशेने रोज सकाळी तिची पाने चावणाऱ्या माझ्या ज्येष्ठ मित्रांना मी हात जोडतो. त्या पानांत किती विष आहे हे पान सांगत नाही.

संदेशांतल्या आणखी एका वाक्याकडे लक्ष वेधतो. ‘प्रयोगशाळेत या द्रव्याने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते. अंतर्वासी बुरशींतून मिळालेल्या कितीतरी द्रव्यांनी काचेच्या बशीतल्या पेशी मारल्या आहेत. पण बशीतल्या पेशी मारणे ही फार सोपी गोष्ट आहे. न्हाणीघरातले फिनेलही त्या मारेल. अवघड आहे ते असे द्रव्य शोधणे, जे पोटातून वा शिरेतून जाऊन, यकृताच्या तडाख्यातून वाचून, गाठीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचेल आणि वाटेतल्या हृदयाला, मूत्रपिंडाला, मज्जेला जगू देईल. त्यासाठी आधी प्राणी, मग थोडे रुग्ण, मग शेकडो रुग्ण अशा चाचण्या लागतात. टॅक्सॉलची साल १९६२ मध्ये हाती आली आणि औषध १९९२ मध्ये मान्य झाले. मधली तीस वर्षे आळसात गेली नव्हती. डब्यातल्या कॅप्सूलने यांतली एकही पायरी चढलेली नसते. आत कोणती बुरशी, किती द्रव्य, हे सांगण्याची सक्तीही बहुधा नसते.

“पण डॉक्टर, उपाय नाही तर नाही, अपाय तर नाही ना?” हा दुसरा प्रश्न. अपाय होऊ शकतो, आणि तो दोन वाटांनी. केमोथेरपीची बरीचशी औषधे यकृतातल्या विकरांकरवी मोडली जातात. काही वनस्पतींचे अर्क हे विकर मंदावतात, मग औषध साठून विषारी होते. काही अर्क ते वेगवान करतात, मग औषध काम करण्याआधीच निघून जाते. सेंट जॉन्स वर्ट नावाची, उदासीनतेवर घेतली जाणारी एक वनौषधी आयरिनोटेकॅनबरोबर घेतल्यास औषधाचा रक्तातील क्रियाशील अंश ४२ टक्क्यांनी घटल्याचे नेदरलँड्समधील एका अभ्यासात आढळले. म्हणजे रुग्णाने सलाईनचा सारा त्रास सोसायचा आणि औषध मात्र अर्ध्याच्या आसपासच पोचायचे. दुसरी वाट अधिक दुःखद. डब्याच्या भरवशावर आवर्तन लांबते. गाठ तोवर वाट पाहत थांबत नाही.

त्या आजींच्या घरी आम्ही काय ठरवले ते सांगतो. आपल्याही उपयोगी पडेल. डबा फेकायला मी सांगितले नाही. माणसाने विश्वासाने आणलेली वस्तू डॉक्टरने फेकायला लावली की पुढच्या वेळी ती लपवली जाते, एवढे पस्तीस वर्षांच्या दवाखान्याने शिकवले आहे. डबा, सोबतचा काढा, शेजाऱ्यांनी दिलेली गोळी आणि आजींची रक्तदाबाची, साखरेची औषधे, सारे एका पिशवीत घालून पुढच्या भेटीला कर्करोगतज्ज्ञांपुढे ठेवायचे असे ठरले. त्यांनी डबा बंद करायला सांगितले आणि काढ्यातले आले-तुळस चालेल म्हणाले. सूनबाईंना बरे वाटले. काहीतरी आपल्या हाताने करता यावे एवढीच त्यांची इच्छा होती. ती इच्छा मी कधी हसण्यावारी नेत नाही. आजारी माणसाजवळ रात्र-रात्र बसणाऱ्याचे हात रिकामे असले की मन फार सैरभैर होते.

त्या हातांना पुष्कळ काम आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात मिसळून देतात. त्या द्रावकाची ॲलर्जी होऊ नये यासाठी आधी स्टेरॉइड दिले जाते. त्याने मधुमेही रुग्णाची साखर एक-दोन दिवस उसळते. घाबरून जेवण तोडू नका, साखर मोजा आणि आकडे डॉक्टरांना कळवा. पाय बधिर असतील तर रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा चालू ठेवा, गुळगुळीत सपाता काढून टाका, गरम पाण्याची पिशवी पायांशी देऊ नका. चटका बसला तरी आजींना कळणार नाही. आयरिनोटेकॅन चालू असेल तर जुलाब सलाईननंतर काही दिवसांनीही सुरू होतात, आणि ज्येष्ठांचे शरीर बघता-बघता कोरडे पडते. त्यासाठीची गोळी आधीच लिहून घ्या आणि ‘सकाळपर्यंत बघू’ असे म्हणू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताप. सलाईननंतर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांच्या काळात पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. या दिवसांत तापमान १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरले तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहत बसू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करावा. वय झालेल्या माणसाला कधीकधी ताप येतच नाही. नेहमी बोलकी असलेली व्यक्ती एकाएकी गप्प झाली, सारखी झोपू लागली, वेळ-काळ चुकवू लागली, तर तेही जंतुसंसर्गाचे लक्षण समजावे. फाइलच्या पहिल्या पानावर केमोथेरपीची तारीख, औषधाचे नाव, रुग्णालयाचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक आणि घरात दिल्या जाणाऱ्या प्रत्येक चूर्ण-काढ्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे रात्री-अपरात्री कुणीही सोबत गेले तरी तिथल्या डॉक्टरला ते एका नजरेत वाचता येईल.